अंडाशयाचा कर्करोग आणि ग्रोथ फॅक्टर रिसेप्टर: पुण्यातल्या रुग्णांचे आणि नातेवाइकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंडाशयाच्या कर्करोगाचा बायोप्सी रिपोर्ट हातात आला की घरातलं कुणीतरी, बहुतेक वेळा मुलगी किंवा सून, रात्री मोबाइलवर त्यातला एकेक शब्द शोधत बसते. ईजीएफआर, हर-टू, व्हीईजीएफ. ओपीडीत डॉक्टरांशी बोलायला मिळणारा वेळ ऑपरेशन, केमोच्या तारखा आणि खर्च यांतच संपतो, आणि हे शब्द तसेच राहतात. पुण्यात आणि पुण्यात उपचारासाठी येणाऱ्या सातारा, सोलापूर, अहिल्यानगरकडच्या कुटुंबांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. कोणतं औषध घ्यायचं हे या पानावरून ठरवू नका. पण डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा नेमकं काय विचारायचं, ते मात्र ठरवता येईल.

ग्रोथ फॅक्टर आणि रिसेप्टर म्हणजे नक्की काय?

ग्रोथ फॅक्टर हे छोटे प्रथिनाचे रेणू. एक पेशी ते बाहेर सोडते आणि दुसरीला (कधी स्वतःलाच) 'वाढ', 'विभाजन कर', 'मरू नकोस', 'इकडे सरक' असा निरोप देते. रिसेप्टर हे पेशीच्या आवरणात रुतलेलं प्रथिन. त्याचं एक टोक बाहेर असतं, एक आत. बाहेरच्या टोकाला ग्रोथ फॅक्टर चिकटला की आतलं टोक कामाला लागतं.

स्टॅनली कोहेन यांनी उंदराच्या लाळग्रंथींतून असा एक पदार्थ वेगळा केला. नवजात पिल्लांना तो टोचला तर त्यांचे डोळे वेळेआधी उघडत आणि दातही लवकर येत. हाच एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर, म्हणजे ईजीएफ. त्याच्या रिसेप्टरचं नाव ईजीएफआर. कोहेन आणि रीता लेव्ही-माँताल्चिनी यांना १९८६ साली या शोधांसाठी नोबेल मिळालं. आज रिपोर्टमध्ये दिसणाऱ्या कितीतरी शब्दांची सुरुवात त्या कामात आहे.

म्हणजे हे रिसेप्टर फक्त कर्करोगाच्या पेशींवर असतात?

नाही. ते प्रत्येक निरोगी स्त्रीच्या शरीरात असतात आणि असायलाच हवेत. दर महिन्याला बीज बाहेर पडतं तेव्हा अंडाशयाच्या पृष्ठभागावर छोटीशी जखम होते. ती भरून यायला पेशी वाढाव्या लागतात, सरकाव्या लागतात. बीज बाहेर पडल्यावर जिथे कॉर्पस ल्युटियम (हार्मोन बनवणारी छोटी पिवळसर गाठ) तयार होतं, तिथे काही दिवसांत रक्तवाहिन्यांचं दाट जाळं उभं राहतं आणि त्यासाठी व्हीईजीएफ, म्हणजे रक्तवाहिन्या वाढवणारा ग्रोथ फॅक्टर, लागतं. कर्करोग नवीन काही शोधून काढत नाही. जखम भरण्याची ही यंत्रणा तो ताब्यात घेतो आणि ती बंद होऊ देत नाही.

अंडाशयाच्या कर्करोगाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार हाय-ग्रेड सीरस. त्याची सुरुवात पुष्कळदा अंडाशयात होतच नाही, बीजवाहिनीच्या झालरीसारख्या टोकाला होते, असं आता मानलं जातं.

निरोप पेशीच्या आत कसा पोचतो? जरा सविस्तर सांगा.

ग्रोथ फॅक्टर चिकटला की रिसेप्टरचे दोन रेणू एकमेकांजवळ येऊन जोडी बनवतात. जोडी बनली की त्यांची आतली टोकं एकमेकांवर फॉस्फेटचे गट चढवतात, तेही टायरोसिन नावाच्या अमिनो आम्लावर. म्हणून या रिसेप्टरना टायरोसिन कायनेज म्हणतात. फॉस्फेट चढलेल्या जागी आतली इतर प्रथिनं येऊन बसतात आणि तिथून दोन मोठे रस्ते सुरू होतात.

पहिला रास, राफ, मेक, अर्क या प्रथिनांमधून जातो आणि केंद्रकात पोचून विभाजनाची जनुकं चालू करतो. दुसरा पीआय-थ्री-कायनेजकडून एकेटी आणि एमटॉरकडे जातो. तो पेशीला जगवतो, तिची भूक वाढवतो आणि केमोने इजा झाली तरी मरायच्या आदेशाकडे दुर्लक्ष करायला लावतो. शिवाय स्टॅट-थ्री नावाचं प्रथिन आहे, ते पेशीच्या हालचालीला हातभार लावतं.

निरोगी पेशीत हे सगळं थोडाच वेळ चालतं. निरोप मिळाला की पेशी तो रिसेप्टर आत ओढून घेते आणि मोडून टाकते, काही एन्झाइमं फॉस्फेट काढून टाकतात, आणि काम थांबतं. कर्करोगात हे थांबणंच बिघडतं. कधी रिसेप्टरच्या जनुकाच्या प्रती वाढतात आणि पेशीवर रिसेप्टरची गर्दी होते. कधी पेशी स्वतःच ग्रोथ फॅक्टर तयार करून स्वतःलाच निरोप देत राहते. कधी रिसेप्टर ठीक असतो, पण त्याच्या खालचं केरास (रासचाच एक प्रकार) किंवा पीआय-थ्री-कायनेजचं जनुक बदललेलं असतं, त्यामुळे वरून निरोप नसतानाही आत काम सुरूच राहतं. ही तिसरी शक्यता लक्षात ठेवा. 'रिसेप्टर आहे, मग त्यावरचं औषध का चालत नाही?' या प्रश्नाचं एक उत्तर तिच्यात आहे.

अंडाशयाच्या कर्करोगात यातले कोणते महत्त्वाचे?

ईजीएफआर आणि त्याची भावंडं हर-टू, हर-थ्री आणि हर-फोर. यांतलं हर-टू विचित्र आहे: त्याला चिकटणारा स्वतःचा ग्रोथ फॅक्टर कुणालाही सापडलेला नाही, पण जोडीदार म्हणून सगळ्यांना तेच हवं असतं. हर-थ्रीचं आतलं टोक स्वतः जवळपास निष्क्रिय, पण हर-टूबरोबर जोडी जमली की हीच जोडी पीआय-थ्री-कायनेजच्या रस्त्याला सर्वांत जोरात ढकलते.

व्हीईजीएफचे रिसेप्टर मुख्यतः रक्तवाहिन्यांच्या पेशींवर असतात. त्याशिवाय मेट आणि ॲक्सल हे रिसेप्टर आहेत, आणि आयजीएफ-वन, पीडीजीएफ, एफजीएफ या ग्रोथ फॅक्टरचे रिसेप्टर आहेत. प्रयोगशाळेत प्रत्येकाचा काही ना काही हात दिसला आहे. रुग्णाच्या उपचारात आज खरा फरक पडला आहे तो मुख्यतः व्हीईजीएफमुळे, आणि अलीकडे थोड्या रुग्णांमध्ये हर-टूमुळे.

हा कर्करोग पोटात इतक्या लवकर कसा पसरतो?

बहुतेक कर्करोग पसरताना रक्तवाहिनीत किंवा लसिकावाहिनीत शिरतात. अंडाशयाच्या कर्करोगाला तसं करावंच लागतं असं नाही. अंडाशय आणि बीजवाहिनीचं टोक पोटाच्या पोकळीत उघडंच असतं. पेशी सुटतात, पोटातल्या द्रवात तरंगतात आणि श्वासागणिक हलणाऱ्या त्या द्रवाबरोबर यकृताच्या वरपर्यंत, आतड्यांच्या घड्यांपर्यंत जातात. त्यामुळे निदान होतं तेव्हा अनेकींमध्ये आजार तिसऱ्या टप्प्यात असतो. बाईने दुर्लक्ष केलं म्हणून हे झालं, असं घरात कुणी म्हणत असेल तर त्यांना हे वाचून दाखवा.

सुटलेल्या पेशीला खरं तर मरायला हवं. निरोगी पेशी आधार सुटला की मरते. तरंगणाऱ्या कर्करोगपेशी मात्र एकमेकींना धरून गोळे करतात आणि त्या गोळ्यात ईजीएफआर किंवा आयजीएफ-वनच्या रिसेप्टरकडून येणारा 'मरू नकोस' हा निरोप त्यांना तगवतो. गोळ्याच्या आतल्या पेशींपर्यंत केमोही कमी पोचते. पुढे पोटाच्या अस्तरावर चिकटताना, अस्तराच्या पेशी बाजूला सारताना मेट आणि ॲक्सलची मदत होते. याच काळात पेशी आपला बंदिस्त, शेजारणीला घट्ट धरून राहण्याचा स्वभाव सोडून फिरत्या पेशीचा स्वभाव घेते. स्नेल आणि स्लग नावाची प्रथिनं हा बदल घडवतात. त्यांच्यावर पुण्यातच, एनसीसीएस या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रामध्ये, शर्मिला बापट यांच्या गटाने महत्त्वाचं काम केलं आहे. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

आतड्यांवर चरबीचा जो पडदा असतो, ओमेंटम, तो या पेशींचा आवडता मुक्काम. २०११ साली शिकागोतल्या संशोधकांनी दाखवलं की तिथल्या चरबीच्या पेशी कर्करोगपेशींना बोलावून घेतात आणि इंधन म्हणून स्निग्धाम्लं पुरवतात. मग २०१४ साली ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कॅन्सर सेंटरमधल्या गटाने एक वेगळी गोष्ट समोर आणली. त्यांनी दोन उंदीर अशा रीतीने जोडले की दोघांचं रक्त एकमेकांत फिरेल, पण पोटाच्या पोकळ्या वेगळ्या राहतील. एका उंदराच्या पोटात वाढवलेल्या अंडाशयाच्या कर्करोगाच्या पेशी रक्तातून दुसऱ्याच्या ओमेंटमपर्यंत पोचल्या. त्या पेशींवर हर-थ्री जास्त होता आणि ओमेंटममध्ये हर-थ्रीला चिकटणारा न्यूरेग्युलिन भरपूर होता. हर-थ्री कमी केला तेव्हा हा प्रसार घटला. म्हणजे पोटातल्या द्रवाचा रस्ता मोठा असला तरी तो एकच नाही.

पोटात पाणी का होतं? पाणी काढलं की पुन्हा का भरतं?

कर्करोगपेशी व्हीईजीएफ मोठ्या प्रमाणात सोडतात. ते रक्तवाहिन्यांच्या पेशींवरच्या रिसेप्टरला चिकटलं की दोन गोष्टी होतात: नवीन रक्तवाहिन्या फुटतात, आणि असलेल्या गळक्या होतात. गळालेला द्रव पोटात साठतो. तो परत शोषून घेणाऱ्या डायफ्रामखालच्या (छाती आणि पोट यांमधल्या पडद्याखालच्या) लसिकावाहिन्या कर्करोगपेशींनी तुंबलेल्या असतात. त्यामुळे सुई घालून पाणी काढलं की आईला दोन घास जातात, श्वास सुटा होतो, पण गळती चालूच असल्यामुळे काही दिवसांत पोट पुन्हा तटतटतं.

व्हीईजीएफचा शोधही असाच लागला. १९८३ साली हॅरल्ड ड्व्होराक आणि डोनाल्ड सेंगर यांच्या गटाने गाठी असलेल्या प्राण्यांच्या पोटातल्या पाण्यात रक्तवाहिन्या गळक्या करणारा पदार्थ शोधला. नवीन वाहिन्या फुटवणारा तो हाच पदार्थ, हे १९८९ मध्ये स्पष्ट झालं. गाठीला वाढायला स्वतःच्या रक्तवाहिन्या लागतात आणि त्या थांबवता आल्या तर गाठ थांबेल, हा विचार जुडा फोकमन यांनी १९७१ मध्येच मांडला होता.

रिपोर्टमध्ये ईजीएफआर पॉझिटिव्ह आहे. मग ईजीएफआरची गोळी का देत नाहीत? फुप्फुसाच्या कर्करोगात तर देतात.

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो. तो विचारणाऱ्याच्या आवाजात आशा असते, म्हणून उत्तर नीट द्यायला हवं.

फुप्फुसाच्या ज्या रुग्णांना ती गोळी लागू पडते, त्यांच्यात ईजीएफआरच्या जनुकात विशिष्ट बदल झालेला असतो आणि ती पेशी पूर्णपणे त्या एका रिसेप्टरवर अवलंबून असते. अंडाशयाच्या कर्करोगात ईजीएफआर अनेकदा भरपूर दिसतो, पण तसा बदल फार क्वचित असतो. रिसेप्टर आहे, कामही करतो, पण पेशीचा जीव त्याच्यात अडकलेला नाही. एखाद्या जुन्या वाड्याला चार दारं असावीत आणि आपण एकाला कुलूप लावावं, तसं होतं. ईजीएफआर बंद केला की हर-थ्री, मेट किंवा ॲक्सलकडून तोच निरोप आत जातो.

हे करून पाहिलेलं आहे, नुसता तर्क नाही. पहिल्या केमोनंतर एर्लोटिनिब ही ईजीएफआरची गोळी दोन वर्षं द्यायची, असा युरोपातला मोठा अभ्यास झाला. त्यात ८३५ स्त्रिया होत्या. आजार पुन्हा वाढेपर्यंतचा काळ गोळी घेणाऱ्यांत १२.७ महिने होता आणि न घेणाऱ्यांत १२.४. आयुष्यही वाढलं नाही. पुरळ आणि जुलाब मात्र वाट्याला आले.

हर-टूवर ट्रास्टुझुमॅब देऊन पाहिलं तेव्हाही असंच झालं. स्तनाच्या कर्करोगात या औषधाने चित्र पालटलं होतं. अमेरिकेतल्या गटाने ८३७ जणींच्या गाठी तपासल्या. ९५ जणींत, म्हणजे ११.४ टक्क्यांत, हर-टू जास्त होतं. औषध मिळालेल्या ४१ पैकी फक्त ३ जणींत गाठ आकसली. आयजीएफ-वनच्या रिसेप्टरवरच्या आणि मेटचा रस्ता अडवणाऱ्या औषधांकडूनही फार काही हाती लागलं नाही.

म्हणून रिपोर्टवर एखाद्या रिसेप्टरपुढे 'पॉझिटिव्ह' दिसलं तर पहिला प्रश्न हा विचारा: 'डॉक्टर, या निकालामुळे आईच्या उपचारात काही बदलणार आहे का?' उत्तर 'नाही' असेल तर त्या शब्दावर झोप घालवू नका. उपचार बदलणार नसेल अशी महागडी तपासणी करून घेण्याआधीही हाच प्रश्न विचारायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग हर-टू तपासायचंच नाही का?

तपासायला कारण आहे, विशेषतः आजार परत आला असेल तेव्हा, किंवा प्रकार म्युसिनस (चिकट स्राव बनवणाऱ्या पेशींचा) असेल तेव्हा. म्युसिनस गाठींपैकी साधारण पाचांतल्या एकीत हर-टूच्या जनुकाच्या प्रती वाढलेल्या सापडतात.

इथे औषधाची कल्पनाच बदलली आहे. ट्रास्टुझुमॅब डेरुक्स्टेकॅन हे औषध हर-टूचा निरोप बंद करण्यावर विसंबून नाही. ते हर-टूला पकडतं, पेशी ते आत ओढून घेते आणि त्याला बांधलेलं केमोचं विष आत सुटतं. शेजारच्या पेशींपर्यंतही ते झिरपतं. म्हणजे पेशीचा जीव हर-टूत अडकलेला नसला तरी चालतं, हर-टू पृष्ठभागावर भरपूर असलं की पुरे. अनेक अवयवांच्या कर्करोगांवर झालेल्या एका अभ्यासात अंडाशयाच्या ४० रुग्णांपैकी ४५ टक्क्यांत गाठी आकसल्या. ज्यांच्यात हर-टू सर्वांत ठळक, म्हणजे 'थ्री प्लस', होतं त्यांच्यात हे प्रमाण ६३.६ टक्के होतं. त्यावरून अमेरिकेत एप्रिल २०२४ मध्ये हर-टू थ्री प्लस असलेल्या आणि इतर उपचार होऊन गेलेल्या कुठल्याही अवयवाच्या गाठीसाठी त्याला मान्यता मिळाली. औषध फार महाग आहे आणि फुप्फुसाला सूज येण्याचा धोका आहे. ते चालू असताना खोकला किंवा धाप लागली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी कळवा.

बेव्हॅसिझुमॅब सुचवलं आहे. ते नेमकं काय करतं? त्याने किती फरक पडतो?

ते थेट कर्करोगपेशीला मारत नाही आणि रिसेप्टरलाही चिकटत नाही. रक्तातल्या व्हीईजीएफलाच पकडून ठेवतं, म्हणजे ते रिसेप्टरपर्यंत पोचत नाही. सहसा दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून देतात, आधी केमोबरोबर आणि नंतर काही महिने एकटं.

फरक किती, याचं प्रामाणिक उत्तर असं. अमेरिकेतल्या १,८७३ स्त्रियांच्या अभ्यासात (निकाल २०११) आजार पुन्हा वाढेपर्यंतचा मधला काळ १०.३ महिन्यांवरून १४.१ महिन्यांवर गेला, पण एकूण आयुष्यात सगळ्यांचा मिळून फरक दिसला नाही. युरोपातल्या आयकॉन-सेव्हन अभ्यासात मात्र ज्यांचा आजार जास्त होता किंवा गाठ पूर्ण काढता आली नव्हती, त्या गटात सरासरी आयुष्य ३४.५ ऐवजी ३९.३ महिने भरलं. प्लॅटिनमच्या (कार्बोप्लॅटिनसारख्या) केमोला न जुमानणाऱ्या आजारात केमोबरोबर हे दिल्यावर आजार पुन्हा वाढेपर्यंतच्या ३.४ महिन्यांचे ६.७ महिने झाले. हे आकडे गटाचे आहेत, तुमच्या आईचे नाहीत. काहींना यापेक्षा बराच जास्त काळ मिळतो, काहींना काहीच फायदा होत नाही.

ज्यांच्या पोटात वारंवार पाणी होतं त्यांना या औषधाचा उपयोग विशेष जाणवतो, कारण गळतीचं कारणच कमी होतं. महिन्यातून अनेकदा पाणी काढायला जाणाऱ्या बाईसाठी ही साधी गोष्ट नाही. आकड्यांच्या तक्त्यात ती नीट दिसत नाही, पण निर्णय घेताना तिला वजन द्यावं, असं मला मनापासून वाटतं.

तोट्याची बाजू. रक्तदाब वाढतो, लघवीतून प्रथिन जातं, नाकातून रक्त येतं. रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. सर्वांत गंभीर म्हणजे आतड्याला छिद्र पडणं. ते क्वचित होतं, पण आतड्यावर आजार असेल किंवा आतडं अडकण्याची लक्षणं असतील तर धोका वाढतो. जखम भरायला व्हीईजीएफ लागतंच, म्हणून मोठ्या ऑपरेशनच्या आधी आणि नंतर किमान २८ दिवस हे औषध देत नाहीत. दात काढायचा असला तरी आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा. घरी रक्तदाबाचं मशीन आणून वहीत आकडे लिहिलेत तर फार मदत होते. अचानक पोटात तीव्र दुखलं तर ॲसिडिटीची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका.

भारतात याची अनेक बायोसिमिलर, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांनी बनवलेली तशीच औषधं, मिळतात, त्यामुळे किंमत पूर्वीपेक्षा बरीच खाली आली आहे. वेगवेगळ्या कंपन्यांच्या दरांत फरक असतो, तेव्हा विचारायला संकोच नको.

आमच्या बहिणीला लो-ग्रेड सीरस आहे. तिलाही हेच लागू?

नाही, हा वेगळाच आजार आहे. हळू वाढतो, केमोला कमी दाद देतो, आणि बऱ्याच वेळा रिसेप्टरच्या खालच्या रस्त्यात, केरास किंवा बीराफ जनुकात, बदल असतो. म्हणून इथे रिसेप्टरऐवजी मेकला अडवणारी औषधं उपयोगी ठरतात. ट्रामेटिनिबने आजार आवाक्यात राहण्याचा काळ ७.२ वरून १३ महिन्यांवर नेला (निकाल २०२२). मे २०२५ मध्ये अमेरिकेत केरास बदललेल्या, परत आलेल्या लो-ग्रेड सीरस आजारासाठी अव्हुटोमेटिनिब आणि डेफॅक्टिनिब यांच्या जोडीला मान्यता मिळाली. या प्रकारात जनुकांची तपासणी खरोखर उपचार बदलू शकते.

फोलेट रिसेप्टर हा ग्रोथ फॅक्टर रिसेप्टरच का?

नाही. तो पेशीला फोलेट हे जीवनसत्त्व आत घ्यायला मदत करतो. पण अंडाशयाच्या कर्करोगात तो पुष्कळ असतो, म्हणून मिरवेटुक्सिमॅब सोराव्हटॅन्सिन हे विष बांधलेलं औषध त्याला पकडून आत शिरतं. प्लॅटिनमला न जुमानणाऱ्या आजारात याने आयुष्य वाढल्याचं सिद्ध झालं आहे. डोळ्यांवर परिणाम होतो, त्यामुळे नेत्रतज्ज्ञांकडे नियमित तपासणी लागते. फॉलिक ॲसिडची गोळी चालू असेल तर ती बंद करायची का, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

बीआरसीए तपासणी आणि हे रिसेप्टर यांचा काय संबंध?

थेट संबंध नाही. बीआरसीए हे डीएनए दुरुस्त करणारं जनुक. पण तुमच्याकडे पैसे एकाच तपासणीपुरते असतील तर रिसेप्टरच्या लांबलचक यादीऐवजी बीआरसीए करा. एपिथेलियल, म्हणजे आवरणाच्या पेशींपासून निघालेला, आजार असलेल्या प्रत्येक स्त्रीची ही तपासणी व्हावी, अशी शिफारस आहे. तिच्यावर ओलापॅरिबसारखी गोळी मिळणार की नाही हे ठरतं, आणि मुली, बहिणी, भाऊ यांच्यासाठीही माहिती मिळते. दोन्ही रस्ते एकत्र येतात ते असे: डीएनए दुरुस्ती बिघडलेल्या रुग्णांत बेव्हॅसिझुमॅबला ओलापॅरिबची जोड दिल्यावर आजार आवाक्यात राहण्याचा मधला काळ १७.७ वरून ३७.२ महिन्यांवर गेला.

प्रयोगशाळेत पेशी मरतात अशा बातम्या येतात. मग ते औषध रुग्णापर्यंत का येत नाही?

पुण्यातच याचं उत्तर शोधता येतं. विद्यापीठाच्या आवारात एनसीसीएस, म्हणजे राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र, आहे. तिथल्या भांडारातून देशभरातल्या प्रयोगशाळांना संशोधनासाठी पेशी पुरवल्या जातात. अंडाशयाच्या कर्करोगावरच्या प्रयोगांत जगभर एसकेओव्ही-थ्री नावाच्या पेशी फार वापरल्या गेल्या. त्यांच्यात हर-टू खूप असतं, म्हणून हर-टूवरची औषधं त्यांच्यावर चांगली चालतात. पण २०१३ साली अशा ४७ प्रकारच्या पेशींची तुलना खऱ्या गाठींशी केली, तेव्हा सर्वांत लोकप्रिय असलेल्या एसकेओव्ही-थ्री आणि ए-२७८० याच हाय-ग्रेड सीरस गाठींशी कमी जुळतात असं दिसलं. हाय-ग्रेड सीरस गाठींत ९६ टक्के वेळा टीपी-५३ हे जनुक बिघडलेलं असतं, आणि एकदा ते बिघडलं की गाठीत पेशींच्या वेगवेगळ्या वस्त्या तयार होत जातात.

२००५ साली शर्मिला बापट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णाच्या पोटातल्या पाण्यातून पेशी वेगळ्या करून दाखवलं की त्यांतल्या मोजक्याच पेशींमध्ये मूळपेशींसारखे गुण असतात आणि त्या नव्याने गाठ उभी करू शकतात. पुढे याच गटाने स्नेल आणि स्लग या प्रथिनांचा अशा गुणांशी आणि केमोला दाद न देण्याशी असलेला संबंध मांडला. भोवतालच्या पेशी मेल्या तरी या मोजक्या पेशी तगल्या तर आजार परत येतो. एकाच प्रकारच्या पेशी वाढवलेल्या काचेच्या ताटलीत हे दिसत नाही. पुण्यात झालेलं हे काम पुणेकरांना जितकं माहीत असायला हवं तितकं नाही, याची मला खंत वाटते.

केमोनंतर पांढऱ्या पेशी वाढवण्यासाठी 'ग्रोथ फॅक्टरचं इंजेक्शन' देतात. त्याने कर्करोगच वाढणार नाही ना?

भीती समजण्यासारखी आहे, कारण नाव तेच आहे. पण हा ग्रोथ फॅक्टर वेगळा, जी-सीएसएफ नावाचा. त्याचे रिसेप्टर मुख्यतः अस्थिमज्जेत रक्त तयार करणाऱ्या पेशींवर असतात, आणि त्याचं काम आहे पांढऱ्या पेशी लवकर भरून काढणं. केमोनंतर पांढऱ्या पेशी फार घसरल्या आणि ताप आला तर जीवाला धोका असतो. हे इंजेक्शन नाकारू नका. त्यानंतर हाडं दुखतात, त्यावर कोणती गोळी घ्यायची ते विचारून ठेवा.

दूध, साखर, सोयाबीन यांनी ग्रोथ फॅक्टर वाढतात म्हणे. बंद करू का?

दुधाने रक्तातलं आयजीएफ-वन थोडं वाढतं, हे खरं. पण दूध-दही बंद करून कुणाचा अंडाशयाचा कर्करोग थांबल्याचं दिसलेलं नाही. उलट केमोच्या काळात वजन आणि स्नायू घटले तर उपचार झेपत नाहीत. वरण, उसळ, अंडं, पनीर, ताक, जे पोटात राहील ते थोडं थोडं द्या. मधुमेह असेल तर साखर आवाक्यात ठेवायची ती मधुमेहासाठी.

रक्तातले ग्रोथ फॅक्टर तपासून हा कर्करोग लवकर पकडता येईल?

आज तरी नाही. सीए-१२५ (रक्तातल्या एका प्रथिनाची तपासणी) आणि सोनोग्राफी वापरून ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त स्त्रियांची वर्षानुवर्षं तपासणी झाली. २०२१ च्या निकालात त्याने मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही. तेव्हा कुठलंही 'फुल बॉडी पॅकेज' या बाबतीत खात्री देऊ शकत नाही. भारतात दरवर्षी सुमारे ४७ हजार नवीन रुग्ण सापडतात. पोट सतत फुगणं, थोडं खाल्लं की भरल्यासारखं वाटणं, ओटीपोटात दुखणं, वारंवार लघवीला जावं लागणं, हे आठवडेच्या आठवडे चालू असेल तर गॅसची औषधं बदलत बसण्यापेक्षा स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा.

ऑपरेशन गावाकडे झालं, पुढचे उपचार पुण्यात. तपासण्यांसाठी काय आणायचं?

पॅथॉलॉजीचा मूळ रिपोर्ट, स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा. जिथे ऑपरेशन झालं तिथल्या लॅबकडे लेखी अर्ज करून तो मागता येतो, घेतल्याची सही करावी लागते. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत ब्लॉक ठेवू नका, मेण मऊ पडतं. हर-टूची आयएचसी तपासणी (गाठीचा काप रंगवून प्रथिन पाहणं) पुण्यात सहज होते, कारण स्तनाच्या कर्करोगासाठी ती रोज करावी लागते. जनुकांच्या काही तपासण्यांसाठी नमुना बाहेर पाठवला जातो, त्याला काही आठवडे लागू शकतात. म्हणून केमो सुरू होतानाच विषय काढा, संपताना नको.

खर्चाचं काय?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. पण प्रत्येक औषध त्यात बसतंच असं नाही. ससूनमध्ये किंवा योजनेतल्या खासगी रुग्णालयात आरोग्यमित्राला (योजनेच्या तिथल्या मदतनीसाला) औषधाचं नेमकं नाव सांगून विचारा. धर्मादाय नोंदणी असलेल्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला आणि आधार कार्ड पहिल्याच भेटीला बरोबर ठेवा. तिथल्या समाजसेवा विभागात दाखल होण्याआधी जा, बिल हातात आल्यावर फार काही करता येत नाही. बेव्हॅसिझुमॅब किंवा ओलापॅरिबसारखं औषध सुरू करण्याआधी पूर्ण कोर्सचा अंदाजे खर्च कागदावर लिहून मागा, एका डोसचा नाही. घर, दागिने विकायची वेळ येत असेल तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. त्यांना कळलं तर दुसरी योजना आखता येते, आणि तीही कमी प्रतीची असतेच असं नाही.